इतै आणि उतै

गेल्या पावसाळ्यात मीरा रोडचा एक व्हिडिओ देशभर फिरला. मराठी बोलण्यावरून वाद झाला होता आणि एका दुकानदाराला मारहाण होत होती. आमच्या जबलपुरातही तो फोनोफोनी पोहोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर येणाऱ्या भाजीवालीने गिलकी तोलता तोलता मला विचारलं, "काए दीदी, तुमाए उतै ऐसो होत है का?"

उतै म्हणजे तिकडे, इतै म्हणजे इकडे. बुंदेली मिसळलेल्या इथल्या बोलीतले हे दोन शब्द मी १९७७ साली लग्न होऊन साताऱ्याहून आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात शिकले. ही भाजीवाली सतरा वर्षं माझ्या दारावर येते. माझ्या मुलीच्या लग्नात ती जेवली आहे, तिच्या सुनेच्या बाळंतपणात मी दवाखान्यात बसले आहे. तिने मला कधी 'उतै'ची मानलं नव्हतं. तिच्या मनात खोट नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं म्हणून तिने विचारलं. तरी तो शब्द मला दिवसभर टोचत राहिला, कारण ४८ वर्षांत मिळवलेली 'इतै' एका व्हिडिओने काढून घेतल्यासारखी वाटली. त्या सकाळी मला उत्तर सुचलं नाही. आज ते लिहिते आहे, आणि तिच्यापेक्षा महाराष्ट्रातल्या माझ्या माणसांसाठी लिहिते आहे.

यंदा दोन सण एकमेकांना लागून आले आहेत. रविवारी, २५ जानेवारीला रथसप्तमी आणि सोमवारी प्रजासत्ताक दिन. रथसप्तमी माझ्या माहेरची. माघ शुद्ध सप्तमीची हीच तिथी इथे नर्मदा जयंती असते. आमच्या घराला हे गाव कसं लाभलं, ते या दोन दिवसांवरूनच सांगता येईल.

मराठी माणूस या भागात आला तो आधी सत्ता घेऊन. राणी दुर्गावती २४ जून १५६४ रोजी मोगल फौजेशी लढताना जिथे पडली, ते नर्रई जबलपूरजवळच आहे. तिच्या घराण्याचं गढा-मंडलाचं गोंड राज्य पुढे दोनशेहून अधिक वर्षं टिकलं. १८व्या शतकाच्या उत्तरार्धात सागरच्या मराठा सुभेदारांनी ते संपवलं. मग नागपूरकर भोसले आले आणि १८१७ मध्ये त्यांच्याकडून इंग्रजांनी जबलपूर घेतलं. मी शाळेत इतिहास शिकवत असे. पुढच्या बाकावर गोंड घरातल्या मुली बसलेल्या असत. त्यांच्यासमोर हा धडा शिकवताना माझा आवाज जड व्हायचा. साताऱ्यात लहानपणी मराठ्यांच्या मोहिमा ऐकताना ऊर भरून येई. त्याच मोहिमांचं दुसरं टोक कुणाच्या अंगणात पोहोचलं होतं, हे मला त्या वर्गात उभं राहिल्यावर कळलं.

तलवार घेऊन आलेल्यांना इथलं काही शिकण्याची गरज पडली नाही. त्यांनी वसुली केली आणि त्यांचा काळ संपला. नंतर जे पोटासाठी आले, ट्रंका आणि वळकट्या घेऊन आले, त्यांना गावाकडे मान वर करून बघावं लागलं. माझे सासरे, मामंजी, त्यांपैकी एक. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. जुन्या मध्य प्रदेशातले विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. नव्या मध्य प्रदेशचं उच्च न्यायालय जबलपुरात बसलं आणि नागपूरचे मुख्य न्यायमूर्ती हिदायतुल्ला इथले पहिले मुख्य न्यायमूर्ती झाले. न्यायमूर्तींच्या मागोमाग वकील आले, कारकून आले, नकला करणारे आले. मामंजी नकला करणाऱ्यांत होते. गोंदियाहून सातपुडा चढून येणाऱ्या छोट्या लाइनच्या गाडीने ते उतरले, तेव्हा त्यांच्यासोबत सासूबाई, कडेवरचं मूल आणि पितळी डब्यात भाजणी होती.

तीन महिन्यांनी २६ जानेवारी आला. मोहल्ल्याच्या चौकात बांबूचा खांब उभा होता. गल्लीतल्या एका वयस्क गृहस्थांनी मामंजींच्या हातात तिरंगा आणि दोरी दिली आणि म्हणाले, "बाबूजी, झंडा तुम बाँधो." मामंजी नवे होते, भाड्याने राहत होते आणि त्यांच्या हिंदीत नागपूर ऐकू येत होतं. तरी काम त्यांना मिळालं. २६ जानेवारीला झेंडा वर बांधून ठेवायचा असतो आणि दोरीच्या एका ओढीने तो उघडायचा असतो. मामंजींनी घडीत झेंडूच्या आणि गुलाबाच्या पाकळ्या भरल्या आणि गाठ मारली. ती इतकी घट्ट बसली की सगळ्यांसमोर दोरी ओढली तरी झेंडा उघडेना. शेवटी एक पोरगा खांबावर चढला. मामंजींना जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. तेव्हा ते वयस्क गृहस्थ त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अब तो हर साल तुमई बाँधियो. जाकी गाँठ एक बेर अटकी, बो फिर कभऊँ नईं भूलत."

पुढची ३४ वर्षं मामंजींनीच गाठ मारली आणि ती परत कधी अडकली नाही. ही गोष्ट ते दर वर्षी सांगत, आणि तिच्यापुढे आणखी एक जोडत. झेंड्यासाठी तुरुंगात जाण्याची लढाई आधी या शहरात पेटली होती. १९२३ च्या मार्चमध्ये इथल्या टाउन हॉलवर तिरंगा लावण्याचा आग्रह धरला म्हणून पंडित सुंदरलाल यांना अटक झाली. तो सत्याग्रह मे महिन्यात नागपुरात गेला. जमनालाल बजाज आणि मग वल्लभभाई पटेल यांनी तो चालवला. जबलपूरच्या कवयित्री सुभद्राकुमारी चौहान यांनीही त्यात तुरुंगवास पत्करला. पुढे काशीत जन्मलेल्या एका मराठी मुलीवर, झाशीच्या राणीवर, त्यांनी हिंदीत लिहिलेली कविता घरोघरी पोहोचली. मामंजी म्हणत, "झेंडा इथून नागपूरला गेला आणि मी नागपूरहून झेंड्याच्या गावी आलो. मग मी परका कसा?"

आता नर्मदेचं सांगते. लग्नानंतरची माझी पहिली रथसप्तमी. सकाळी अंगणात गोवरीच्या विस्तवावर बोळक्यात दूध ठेवलं. ते पूर्वेकडे उतू गेलं आणि मी हात जोडले. भिंतीपलीकडून शेजारच्या चाची पाहत होत्या. त्यांनी विचारलं, मी मोडक्या हिंदीत सांगितलं. त्या म्हणाल्या, सकाळ सूरजनारायणाची झाली, संध्याकाळ मैयाची. चारला त्या सायकलरिक्षा घेऊन दाराशी हजर. सासूबाईंना म्हणाल्या, बहूला नेते. ग्वारीघाटावर पाऊल ठेवायला जागा नव्हती. काठापासून आत पाण्यावर दिवेच दिवे होते. कुणी नदीला साडी अर्पण करत होतं, कुठे भंडाऱ्याच्या पंगती बसल्या होत्या. चाचींनी पानाच्या दोन्यात कणकेचा दिवा ठेवला, वात लावली आणि दोना माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "बोलो, नर्मदे हर."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी कृष्णेच्या काठची मुलगी. संगम माहुलीला कृष्णा आणि वेण्णा भेटतात तिथे आजीने मला पहिल्यांदा पाण्यात उभं केलं होतं. दुसऱ्या नदीला आई म्हटलं तर कृष्णामाईला काय वाटेल, हे माझ्या बावीस वर्षांच्या मनाला खरंच पडलेलं कोडं होतं. मी ते चाचींना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नदियाँ आपस में नईं जरतीं, बिन्नू." नद्या एकमेकींवर जळत नाहीत. मी दोना पाण्यात सोडला.

त्या एका वाक्यावर मी जन्म काढला. श्रावणात राखीच्या दुसऱ्या दिवशी इथे कजलिया असतात. गव्हाचे पिवळसर हिरवे कोंब एकमेकांना द्यायचे, कानामागे खोवायचे, मोठ्यांच्या पाया पडायचं आणि वर्षभराची भांडणं मिटवायची. आमच्या घरात आता कजलिया पेरल्या जातात. थंडीत अंगणात गक्कड, म्हणजे कणकेचे गोळे, भाजले जातात आणि वांग्याचं भरीत, जे इथे 'भरता' आहे, त्यांच्याबरोबर होतं. संक्रांतीला तिलवारा घाटावर मेळा भरतो. तिथे आम्ही तिळगूळ वाटतो आणि इथल्या बायका घरचे तिळाचे लाडू आमच्या पदरात घालतात. चाचींनी पहिल्याच वर्षी माझ्याकडून हळदीकुंकवाची पद्धत समजून घेतली. पुढे त्या गल्लीतल्या सगळ्या बायकांना स्वतः बोलावणं करत. त्या गेल्याला आता बारा वर्षं झाली. त्यांची सून दर जानेवारीत मला विचारते, "चाची, हल्दी-कुमकुम कौन दिन है?" आता चाची मी आहे.

तर माझं म्हणणं हे. परगावात रुजायला दोन हात लागतात. येणाऱ्याने हात पुढे करायचा असतो, हे सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे. पण त्या हातात गावाने काहीतरी ठेवायचं असतं. कधी दोरी, कधी दोना, कधी एखादं काम. मामंजींना कुणी झेंडागीत म्हणून दाखवायला सांगितलं नाही. मला कुणी हिंदीची परीक्षा घेऊन घाटावर नेलं नाही. आधी काम दिलं, भाषा त्या कामातून आली.

आणि भाषा आली ती किती आली पाहा. शेजारच्या दमोह जिल्ह्यातल्या पथरियात १८७१ साली जन्मलेले माधवराव सप्रे मराठी घरातले. त्यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढलं. 'एक टोकरी भर मिट्टी' ही त्यांची कथा अनेक अभ्यासक हिंदीतली पहिली लघुकथा मानतात. टिळकांचं 'गीतारहस्य' आणि समर्थांचा 'दासबोध' त्यांनी हिंदीत नेला. सप्रे हिंदीचे झाले ते रामदासांना मागे ठेवून नव्हे, सोबत घेऊन. तसेच मुक्तिबोध बंधू. गजानन माधव हिंदीतले युगप्रवर्तक कवी झाले. ते काही काळ जबलपुरात राहिले, इथे त्यांनी शाळेत शिकवलं. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले आणि १९७९ साली त्यांना मराठीसाठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एका आईच्या दोन मुलांनी दोन भाषा मोठ्या केल्या. आणि आमच्या शहराचे अमृतलाल वेगड गुजराती घरातले. १९७७ पासून ते नर्मदेच्या काठाने पायी फिरले आणि हिंदी-गुजराती दोन्हींत तिच्यावर लिहिलं. २००४ साली त्यांना गुजरातीसाठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जबलपुरात कुणालाही विचारा, ते गुजराती की इथले? उत्तर येईल, 'नर्मदा वाले वेगड जी'.

यात काही गमावलं नाही असं मी म्हणणार नाही. माझी मुलगी मराठी बोलते, पण वाचताना अडखळते. नातवाला पाढे हिंदीत येतात आणि रागावला की तो हिंदीतच रागावतो. मला त्याचं दुःख आहे. पण त्याचा दोष मी नर्मदेच्या दिव्याला देणार नाही, कजलियांना देणार नाही. रोज रात्री मराठी पुस्तकाची दोन पानं मुलीला वाचून दाखवणं माझं काम होतं. शाळेच्या वह्या तपासता तपासता ते माझ्याकडून राहिलं. इथल्या कुणी माझ्या घरातली मराठी काढून घेतली नाही. नातवासोबत मी आता रोज अर्धा तास मराठी वाचते. आणलेलं जपणं आणि मिळालेलं स्वीकारणं, या दोन्हींसाठी वेगवेगळी मेहनत लागते. एकीचा आळस दुसरीच्या माथी मारू नये.

सोमवारच्या दिवसाचा अर्थही मला हाच वाटतो. १९३० साली २६ जानेवारीला पूर्ण स्वराज्याची शपथ घेतली गेली, म्हणून १९५० साली राज्यघटना अमलात आणायला तोच दिवस निवडला. त्या घटनेचं कलम १९ मला भारताच्या कोणत्याही भागात राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क देतं. कलम २९ मला माझी भाषा, लिपी आणि संस्कृती जपण्याचा हक्क देतं. घटनाकारांनी दोन्ही दिले, एक घेतला तर दुसरा सोडा असं म्हटलं नाही. घटनेच्या मूळ प्रतीतल्या उद्देशिकेच्या पानाची नक्षी जबलपूरचे चित्रकार ब्योहार राममनोहर सिन्हा यांनी काढली. त्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात देवनागरीत त्यांची 'राम' अशी इवलीशी सही आहे. निवृत्त होईपर्यंत दर २६ जानेवारीला मी वर्गात ते चित्र दाखवत असे आणि मुलं भिंग घेऊन ती सही शोधत.

माझी भाची कॅनडात, टोरांटोजवळ राहते. गेल्या १ जुलैला, त्यांच्या राष्ट्रीय दिनी, तिने व्हिडिओ कॉल केला. तिच्या पाच वर्षांच्या मुलीने गालावर मेपलचं लाल पान रंगवून घेतलं होतं. साताऱ्याहून माझी बहीण, म्हणजे त्या मुलीची आजी, फोनवरच म्हणाली, "गेली गं आपली पोरं." मी त्या चिमुरडीला विचारलं, पान कुणी काढलं? कोपऱ्यावरच्या आजींनी, ती म्हणाली. त्यांनी गल्लीतल्या सगळ्या मुलांना अंगणात बोलावून रंग लावले होते. मला चाची आठवल्या. बहिणीला म्हटलं, पोर गेली नाही, तिला तिथे एक आजी भेटली. आपण तिच्याशी मराठी बोलत राहू.

जगात याचं उलटं टोकही दिसतं, येणाऱ्याचा सण गावाने आपला केल्याचं. मॉरिशसला मजूर म्हणून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आज तिथले नागरिक आहेत. देशाची क्रेओल बोली ते बोलतात, १२ मार्चचा राष्ट्रीय दिन साजरा करतात. आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते.

आता महाराष्ट्रातल्या माझ्या माणसांना दोन शब्द. जो मुंबईत, पुण्यात, नाशकात येऊन राहतो, कमावतो, मुलं वाढवतो, त्याने मराठी शिकलीच पाहिजे. यात मला किंतु नाही. आम्ही इथे हिंदी शिकलो, बुंदेली समजून घेतली, नर्मदेला आई म्हटलं. वीस-वीस वर्षं राहून 'हमें मराठी नहीं आती' हे सहज म्हणून टाकणं हा ज्या मातीचं खातो तिचा अनादर आहे. ही अपेक्षा बाळगण्याचा हक्क तुम्हाला पूर्ण आहे. पण थप्पड मारून वदवून घेतलेलं वाक्य तोंडातच राहतं, घरात शिरत नाही. त्या दुकानदाराच्या मुलांना मराठी ही भाषा आता कशामुळे आठवेल, याचा विचार करा. आणि महाराष्ट्राबाहेर गावोगावी राहणाऱ्या आमच्यासारख्या मराठी माणसांना सकाळी दारात कोणता प्रश्न ऐकावा लागतो, याचाही करा.

तुमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर बिहारचं, उत्तर प्रदेशचं, ओडिशाचं कुटुंब असेल. येत्या १ मे रोजी सोसायटीत झेंडा लावाल तेव्हा दोरी त्यांच्या हातात द्या. गणपतीत त्यांच्याकडून फक्त वर्गणी घेऊ नका, एका संध्याकाळच्या आरतीचं ताट त्यांच्याकडे सोपवा. आरती पाठ करायला त्यांच्या मुलांना आठ दिवस आधी बोलवा. मंडपात रोज संध्याकाळी तासभर मराठी बोलण्याचा वर्ग घ्या. निवृत्त शिक्षक आनंदाने येतील, मी स्वतः येईन. हे करूनही जो तोंड फिरवेल, त्याला खुशाल खडसावा. पण आधी त्याच्या हातात काहीतरी ठेवून तर पाहा.

आमच्या चौकातली दोरी मामंजींनंतर माझ्या यजमानांकडे आली आणि ते गेल्यावर माझ्याकडे. दोन वर्षांपूर्वी समोरच्या घरात ओडिशाचं एक कुटुंब भाड्याने आलं. वडील इथल्या आयुध कारखान्यात कामाला आहेत, मुलगी नववीत शिकते. यंदा गाठ ती मारणार आहे. गेला आठवडाभर शाळेतून आली की ती माझ्याकडे येते आणि आम्ही व्हरांड्यात जुन्या ओढणीवर सराव करतो. वाऱ्याला धरून राहील इतकी घट्ट, एका ओढीत सुटेल इतकी सैल. काल भाजीवाली दारात बसून ते बघत होती. मुलीने गाठ मारली, ओढली, आणि ती अडकली. घाबरून तिने मला विचारलं, "आंटी, उस दिन नहीं खुली तो?"

मी तोंड उघडण्याआधीच भाजीवाली म्हणाली, "तो अगले साल फिर बाँधियो. इतै ऐसई होत है."